कोण बघतंय?

दिवाळी अंकात सगळे गोडगोड असावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. पण फराळाच्या ताटात लाडू-करंजीच्या शेजारी चकलीही असते, आणि तिखट घातल्यावाचून ती चकली होत नाही. आजचा माझा लेख ही त्या ताटातली चकली समजावी. विषय दिसायला रुक्ष आहे. शहरातल्या रस्त्यावर बसगाड्यांसाठी जी वाट राखून ठेवलेली असते, तिच्यात इतर गाड्या घुसू नयेत म्हणून कॅमेरे बसवावेत की नाहीत, असा हा वाद आहे. मी म्हणतो, बसवावेत. आणि लवकर बसवावेत.

हे मी कोणी सत्पुरुष म्हणून सांगत नाही. त्या राखीव वाटेत मी स्वतः एकदा चोरासारखा शिरलेलो आहे. तो गुन्हा आधी कबूल करतो, म्हणजे पुढचे बोलायला तोंड मोकळे होईल.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. मुलीकडे जायचे म्हणून संध्याकाळच्या आगगाडीचे आरक्षण केलेले. पुतण्याने नवी मोटार घेतली होती, तो म्हणाला, "काका, रिक्षा कशाला? मी सोडतो." निघायला उशीर माझ्याच पायी झाला. चिवड्याचा डबा राहिला, तो घ्यायला मी पुन्हा दोन जिने चढलो. रस्त्यावर आलो तो पुढे दिव्यांची माळ. दिवाळीची नव्हे, मोटारींच्या मागच्या लाल दिव्यांची. पाच मिनिटांत आम्ही पाच हातही सरकलो नाही. आणि उजव्या अंगाला, कठड्यापलीकडे, बसची वाट सारवलेल्या अंगणासारखी मोकळी पडली होती.

मी म्हणालो, "घाल रे आत."

तो म्हणाला, "काका, बसचा रस्ता आहे तो."

"अरे, गाडी चुकेल! दोन मिनिटांचा तर प्रश्न. कोण बघतंय?"

तोंडाशी एक वॉर्डन शिट्टी घेऊन उभा होता. त्याने हात आडवा केला. मी काच खाली केली आणि पिकल्या केसांना शोभेल अशा जड आवाजात म्हणालो, "स्टेशनला जायचंय, अर्जंट आहे." त्या पोराने मोटारीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि तो बाजूला झाला. आम्ही आत शिरलो. पण माझ्यासारखाच हिशेब करून एक रिक्षावाला आमच्या आधी आत गेला होता आणि त्याची रिक्षा मधेच बंद पडली होती. दोन्ही बाजूंना कठडे. पुढे रिक्षा, मधे आम्ही आणि मागून बस आली. तिने एकदा भोंगा वाजवला, मग वाजवला नाही. रिक्षा ढकलून बाहेर काढीपर्यंत दहा मिनिटे गेली. तेवढा वेळ मी मागे वळून पाहायचे टाळीत होतो. पण आरशात दिसतच होते. बसच्या पुढच्या काचेशी एक बाई डब्याची पिशवी छातीशी धरून उभी होती. ती रागावलेलीही दिसली नाही. नुसती बघत होती.

आम्हांला आगगाडी मिळाली. त्या बसमधल्या कोणाचे काय चुकले, ते मला कधीच कळणार नाही.

वाचकहो, त्या दिवसापासून "कोण बघतंय?" हा माझाच प्रश्न मला छळतो आहे. कोण बघत नव्हते? वॉर्डन बघत होता, बसचा ड्रायव्हर बघत होता, आतली पन्नास-साठ माणसे बघत होती. सगळेच बघत होते. पण त्यांच्या बघण्याला किंमत नव्हती. ते कोणत्याही वहीत जमा होत नव्हते. कॅमेरा म्हणजे दुसरे-तिसरे काही नव्हे. त्या पन्नास माणसांचे बघणे जमेस धरणारी ती एक वही आहे. ज्यांना ती वही नको आहे, त्यांच्याशी माझे भांडण आहे.

प्रथम ही वाट राखायची कशाला, ते पाहू. "रस्ता सर्वांचा आहे, मग बसचे एवढे लाड का?" असे मोटारवाले विचारतात. त्यांना माझे एकच सांगणे, की गाड्या मोजू नका, माणसे मोजा. मिनिटाला एक बस आणि बसमध्ये पन्नास माणसे धरली, तर त्या एका वाटेवरून तासाला ३,००० माणसे जातात. तीच माणसे मोटारीतून न्यायची आणि मोटारीमागे दीड माणूस धरायचे, तर २,००० मोटारी लागतील. आणि चौक, सिग्नल ओलांडीत एका वाटेवरून तासाला २,००० मोटारी जाणे अशक्य आहे. म्हणजे रस्ता सर्वांचा आहे हे मान्य केले, की त्यातला एक पट्टा बसला द्यावाच लागतो. हे लाड नव्हेत. ही वाटणी आहे, आणि तीही बसवाल्यांना कमीच देणारी.

"पण ती वाट सारखी रिकामी दिसते!" होय, दिसते. रेल्वेचे रूळही बहुतेक वेळ रिकामेच असतात; म्हणून कोणी शहाणा माणूस त्यांवर पापड वाळत घालीत नाही. वाट पुढे रिकामी असते म्हणूनच बस वेळेवर येते. ती भरली, की ती बसची वाट राहिली नाही. नेहमीच्या रस्त्याची एक शाखा झाली.

आणि एका बसचा खोळंबा हा एकट्या बसचा नसतो. ती दहा मिनिटे अडली, की पुढच्या थांब्यांवर माणसे साचतात. ती चढायला आणखी वेळ लागतो. तोवर मागची बस तिला गाठते. मग थांब्यावर अर्धा तास चिटपाखरू नाही आणि नंतर दोन बस एकदम. पहिलीत शिरायला जागा नाही आणि दुसरी मोकळी. आपण म्हणतो, "काय हा बेशिस्तपणा!" पण पुष्कळदा ती बेशिस्त बसची नसून बसपुढे घुसलेल्याची असते. आणखी एक हिशेब घरच्या घरी करून पाहा. दोन तासांची फेरी असेल, तर दहा तासांत एक बस पाच फेऱ्या करते. त्याच फेरीला अडीच तास लागू लागले, की फेऱ्या चार होतात. म्हणजे नव्या बस घ्या म्हणून आपण कंठशोष करायचा, आणि आहेत त्यांतली प्रत्येक पाचवी फेरी कोंडीत गमवायची!

पुणेकरांना हे मी नव्याने सांगतो आहे असे नाही. या देशात बससाठी स्वतंत्र वाट राखण्याचा पहिला प्रयोग पुण्याने केला; २००६ च्या डिसेंबरात, कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यावर. मोठ्या धिटाईचे काम होते ते. पुढे २०१५ मध्ये संगमवाडी ते विश्रांतवाडी ही वाट सुरू झाली, मग पिंपरी-चिंचवडकडच्या वाटा, आणि २०१६ मध्ये नगर रस्ता. रस्त्याच्या मधोमध थांबे बांधले, उजव्या बाजूला दारे असलेल्या बस आणल्या. म्हणजे वास्तू उभी राहिली. राहिली नाही ती राखण. तोंडाशी वॉर्डन उभे केले; पण माझ्यासारख्या पिकल्या केसांच्या चोरांपुढे त्यांचे किती चालणार? वाटेत मोटारी आल्या, दुचाक्या आल्या, अपघात झाले. आणि मग म्हणू लागले, की ही वाटच धोक्याची. २०२३ नंतर नगर रस्त्यावरची ती वाट तोडण्यात आली. चोर आवरत नाहीत म्हणून घरमालकाने तिजोरीच मोडीत काढावी, त्यातला हा न्याय.

दिल्लीची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथे २००८ मध्ये आंबेडकरनगर ते मूलचंद अशी जेमतेम सहा किलोमीटरची वाट सुरू झाली. मोटारवाल्यांनी आकाशपाताळ एक केले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०१२ मध्ये न्यायालयाने मोटारवाल्यांच्या बाजूची याचिका फेटाळली आणि बसची वाट टिकवली. न्यायालयात बस जिंकली, पण रस्त्यावर हरली. राज्यकर्ते बदलले आणि २०१६ मध्ये ती वाट उखडली गेली. न्यायाधीशांनी राखलेली वाट पोलीस राखू शकले नाहीत आणि पुढारी राखू इच्छीत नव्हते.

आता कोणी म्हणेल, की आपली माणसेच बेशिस्त, तेथे कॅमेरा काय करणार? शिस्त विलायतेतच शोभते! हा एक न्यूनगंड आपण उगाच बाळगला आहे. लंडनमध्ये बसच्या पहिल्या वाटा १९६८ मध्ये आखल्या गेल्या. तेथला मोटारवाला शिस्तीचे बाळकडू पिऊन आला असता, तर नुसत्या पांढऱ्या रेघेवर काम भागायला हवे होते. भागले नाही. अखेर १९९६ मध्ये खास कायदा करून तेथल्या पालिकांना कॅमेऱ्याच्या साक्षीवर दंड करण्याचा अधिकार द्यावा लागला. न्यूयॉर्कनेही तोच मार्ग धरला. २०१० मध्ये तेथल्या विधिमंडळाने परवानगी दिली, आणि २०१९ पासून तर बसच्या पुढच्या काचेतच कॅमेरे बसवू लागले. आडवी आलेली गाडी बस स्वतःच टिपते. दंड पहिल्या वेळी ५० डॉलर, आणि पुन्हापुन्हा घुसणाऱ्याला वाढत वाढत २५० डॉलर. तात्पर्य, साहेब शिस्तीचा आहे असे नव्हे. त्याला कोणीतरी बघते आहे, एवढेच.

येथे मी त्या वॉर्डनबद्दल चार शब्द बोलतो. त्याच्यावर मी रागावलेला नाही. रागावायचा मला अधिकारच नाही. तो कंत्राटी पोरगा, दिवसभर धूर खात उभा. समोर काच खाली होते, आतून अत्तराचा वास आणि जड आवाज येतो. गाडीच्या किमतीत त्याचे दहा वर्षांचे पगार बसतील. हा आडवा धरलेला हात तसाच ठेवावा की खाली घ्यावा? "मी कोण आहे, माहीत आहे का?" या प्रश्नाला आपल्या शहरात आजवर कोणी धड उत्तर दिलेले नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आपल्या रस्त्यावर तर ती भिकेची आईच झाली आहे. एकाची भीड धरायची आणि पन्नास जणांना भिकेला लावायचे! २०१७ च्या १ मे रोजी मंत्र्यासंत्र्यांच्या मोटारींवरचे लाल दिवे उतरले. दिवा उतरला, पण त्याचा उजेड डोळ्यांत घेऊन बसलेली माणसे अजून गाडीच्या मागच्या आसनावर आहेतच.

कॅमेऱ्याला भीड नाही. त्याला पिकले केस कळत नाहीत, जड आवाज ऐकू येत नाही, कोणत्या पक्षाचे उपरणे गळ्यात आहे ते दिसत नाही. त्याला फक्त नंबर प्लेट दिसते. त्या वॉर्डनलाही तो वैरी वाटू नये. तो त्याची ढाल आहे. "साहेब, माझ्या हातात काही नाही, वर कॅमेरा आहे," एवढे म्हणता येणे ही गरीब माणसाला केवढी मोकळीक आहे, हे ज्याने कधी कोणाला अडवले आहे त्यालाच कळेल.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकू. पहिला आक्षेप असा, की हे सारे पैसे उकळण्याचे यंत्र आहे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. कंत्राटदाराला दर पावतीमागे हिस्सा दिला, तर त्याला रस्ता मोकळा व्हावा असे कधीच वाटणार नाही. जितके गुन्हे जास्त तितकी त्याची दिवाळी गोड. म्हणून माझी अट अशी, की कॅमेरा बसवणाऱ्याला ठरलेली रक्कम द्या, पावत्यांवर दलाली देऊ नका. आणि दंडाचा पैसा बसच्याच पेटीत टाका. ज्या कॅमेऱ्याला वर्षभर एक पैही मिळाली नाही, तो सर्वांत यशस्वी कॅमेरा, असे धोरण हवे. आणि वसुली करायची नसेल, तर कॅमेरे लावूच नका. पावत्या मोबाइलवर येतात, साठतात, माणूस त्या लोकअदालतीतल्या सवलतीची वाट पाहत ठेवून देतो. शेतातल्या बुजगावण्याला पाखरेदेखील दोन दिवसांत ओळखतात. पुण्याच्या मोटारवाल्याला एक दिवस पुरेल.

दुसरा आक्षेप, की यंत्र चुकते. चुकते. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बसवरच्या कॅमेऱ्यांनी नियमाने उभ्या असलेल्या गाड्यांनाही दंड लावला. सुमारे ३,८०० पावत्या चुकीच्या निघाल्या आणि त्या रद्द कराव्या लागल्या. यावरून कोणी म्हणतात, की यंत्र नको. मी म्हणतो, चूक सापडली ती कशामुळे? कागद होता, छायाचित्र होते, तारीख-वेळ होती, म्हणून. चौकात एखाद्या मामाने विनाकारण अडवून दोनशे रुपये खिशात घातले, तर ते कोणत्या कार्यालयात रद्द करून घ्यावयाचे? यंत्राची चूक दाखवता येते. भिडेची दाखवता येत नाही. मात्र पावती जाण्यापूर्वी प्रत्येक छायाचित्र माणसाने डोळ्यांखालून घातलेच पाहिजे. यंत्राने टिपावे, न्याय माणसाने करावा.

तिसरा आक्षेप सर्वांत भारदस्त. आज बसची वाट बघणारा कॅमेरा उद्या आमच्या घरात डोकावणार नाही कशावरून? खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमुखाने सांगितले आहे, आणि ते मला शिरोधार्य आहे. म्हणून या कॅमेऱ्याने नंबर प्लेट पाहावी, चेहरे पाहू नयेत. ज्या गाडीने काही गुन्हा केला नाही तिचे चित्र त्याच दिवशी पुसावे. आणि जमा झालेले सामान दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांसाठी नियम केले आहेत. यंत्राला दरवर्षी मान्यतेचा दाखला हवा, कॅमेरा आहे अशी ठळक पाटी हवी, आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत घरी पोहोचावी. हे नियम अक्षरशः पाळले, तर अर्धी भीती ओसरेल. उरलेल्या अर्ध्या भीतीसाठी जागे राहावे. ते नागरिकाचे कामच आहे.

पण हा आक्षेप घेणाऱ्या माझ्या स्नेह्यांना मी एक प्रश्न विचारतो. तुमच्या सोसायटीच्या फाटकावर कॅमेरा आहे. जिन्यात आहे, लिफ्टमध्ये आहे. कित्येकांच्या स्वयंपाकघरातही आहे, पोळ्या करणाऱ्या बाई डाळ-तांदूळ नेत नाहीत ना हे पाहायला. त्या बाईंच्या खाजगीपणाची चर्चा तुमच्या बैठकीत कधी झाली? बाईंवर डोळा ठेवणारा कॅमेरा ही व्यवस्था. आणि बाई ज्या बसने येतात तिची वाट राखणारा कॅमेरा मात्र स्वातंत्र्यावर घाला! बाईंना उशीर झाला की "रोज काय बसचं कारण सांगता?" म्हणून बोलायचे, आणि संध्याकाळी आपली मोटार त्याच बसच्या पुढे घालायची. हा खाजगीपणाचा कैवार नव्हे. गेली कित्येक वर्षे जी सवलत आपण फुकट भोगीत आलो, ती जाणार म्हणून झालेली ही चिडचिड आहे. मी ती ओळखतो. कारण ती माझ्याही पोटात आहे.

चौथा आक्षेप : "आधी बस आणा, मग कॅमेरे लावा." यातले अर्धे मला मान्य आहे. पुण्यात २०२५ च्या १ जूनपासून बसचे किमान भाडे ५ रुपयांचे १० रुपये झाले. उतारूकडून दुप्पट घेतल्यावर त्याला बस वेळेवर आणून देणे हे कर्जच झाले, आणि ज्या वाटेवरून तासाला चार बस जातात तेथे कठडे उभारून कॅमेरे टांगणे हा शुद्ध दिखाऊपणा आहे. पण "आधी हे, मग ते" या लपंडावात दोन्ही राहतात, हा आपला अनुभव. नव्या बसला पैसे लागतात, वेळ लागतो. अडलेली बस मोकळी करायला फक्त मन लागते. शिवाय मघाशी केलेला हिशेब आठवा : कोंडीत गेलेली पाचवी फेरी परत मिळाली, तर ती नवी बस विकत घेतल्यासारखीच आहे.

एवढ्या आक्षेपांना उत्तरे दिली. आता माझा स्वतःचा एक आक्षेप नोंदवतो, आणि तो कॅमेऱ्याच्या कैवाऱ्यांना आहे. कॅमेऱ्याला भीड नाही, असे मी म्हटले. पण कॅमेऱ्यामागे एक यादी असते : कोणाला पावती पाठवायची नाही, त्यांची यादी. सगळी भीड तेथे जाऊन बसते. रस्त्यावरून हाकललेली भीड कार्यालयाच्या कपाटात सुखाने राहू लागली, तर आपण काय मिळवले? रुग्णवाहिका, आगीचा बंब, कामावर धावणारी पोलिसांची गाडी, एवढ्यांना सूट द्यावी आणि तेथे रेघ ओढावी. नगरसेवक नको, अधिकारी नको, पत्रकार नको, आणि साहित्यिक तर मुळीच नको. कायदाही या बाबतीत लेचापेचा नाही. २०१९ मध्ये मोटारवाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात असे कलम आहे, की ज्यांनी कायदा राबवायचा त्यांनीच तो मोडला, तर त्यांना दंड दुप्पट. किती सुंदर कलम आहे! दर महिन्याला पालिकेने फलकावर लावावे, की सरकारी गाड्यांनी बसची वाट इतक्या वेळा अडवली आणि दुप्पट दंड इतका भरला. तो फलक लागेल त्या दिवशी मोटारवाल्यांची निम्मी तक्रार आपोआप बंद होईल. सामान्य माणूस दंडाला तितका भीत नाही. आपल्यालाच दंड होतो आणि त्यांना होत नाही, याने तो पेटतो.

हा लेख लिहून झाल्यावर मी पुतण्याला वाचून दाखवला. गाडी त्याची होती, म्हणजे गुन्ह्यातला तो भागीदार. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, सगळं पटलं. पण त्या दिवशी कॅमेरा असता, तर पावती कोणाच्या नावाने आली असती?"

"तुझ्या," मी म्हणालो.

"आणि 'घाल रे आत' कोण म्हणालं होतं?"

"मी."

"मग यात तुमच्या त्या कॅमेऱ्याचा न्याय कुठे आला?"

याला मजजवळ उत्तर नव्हते. कॅमेऱ्याला मागच्या आसनावरचा काका दिसत नाही, हे खरेच आहे. थोडा वेळ थांबून मी म्हणालो, "पैसे मी भरले असते."

"भरले असतेत, पण गाडी चुकली असती."

"चुकली असती. चिवड्याचा डबा आदल्या दिवशी भरून ठेवला असता, तर चुकली नसती."

तो हसला. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "खरं सांगू? मला तेव्हा आत घालायचंच नव्हतं. तुम्हांला नाही म्हणता आलं नाही." म्हणजे भिडेचा बळी वॉर्डन एकटा नव्हता, माझ्या शेजारी चाक धरून दुसरा बसला होता. वर कॅमेरा असता, तर या पोरालाही म्हणता आले असते, "काका, माझ्या हातात काही नाही."

यंदा भाऊबीजेला धाकट्या बहिणीकडे जायचे आहे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पुतण्या सोडतो म्हणाला. मी नको म्हटले. चिवड्याचा डबा आताच दाराशी आणून ठेवला आहे. मी बसने जाणार आहे. वाटेत एखादी मोटार आडवी आली आणि आतल्या गृहस्थांनी आपल्या ड्रायव्हरला "कोण बघतंय?" म्हणून धीर दिला, तर त्यांनी कृपा करून आरशात पाहावे. पुढच्या काचेशी डब्याची पिशवी छातीशी धरून मी उभा असेन.